कॉइलला हात लावण्याआधी

चि. सायलीस,

तुझ्या फिल्टरचा आलेख मिळाला. 10 मेगाहर्ट्झच्या कटऑफला सिग्नल बरोबर 3 डीबी खाली, पण फेज +117 अंश. पाचव्या ऑर्डरच्या बटरवर्थ फिल्टरला तिथे −225 यायला हवेत, म्हणून तू कॉइल पुन्हा गुंडाळायला निघालीस. कॉइलला हात लावू नकोस. फिल्टर छान झालाय.

नेटवर्क ॲनालायझरचा पडदा फेज −180 ते +180 एवढ्यातच दाखवतो. −225 तिथे +135 होऊन उमटतो. राहिले 18 अंश. ओपन, शॉर्ट, लोड, थ्रू हे सगळं कॅलिब्रेशन तू यंत्राच्या पोर्टवर केलंस आणि नंतर अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या दोन केबली जोडल्यास. त्या आरजी-58 केबलींमधून सिग्नल प्रकाशाच्या 66 टक्के वेगाने जातो. मीटरभर केबल ओलांडायला त्याला 5 नॅनोसेकंद लागतात आणि 10 मेगाहर्ट्झला तेवढा उशीर म्हणजे 18 अंश. डीबीच्या आकड्यात हे कळलंच नाही, कारण इतक्या कमी वारंवारतेला एवढीशी केबल सिग्नल जवळजवळ खातच नाही. फेज मात्र इंचाइंचाचा हिशोब ठेवतो. मला तो मोजायला आवडतो तो याचसाठी.

आता कॅलिब्रेशन केबलींच्या टोकांशी कर. मग टोकं एकमेकांना जोडून बघ: 0 डीबी, 0 अंश, अशी सपाट रेघ यायला हवी. ती येईपर्यंत फिल्टर बाजूलाच राहू दे.

स्वीपही आवर. तुझ्या ॲनालायझरमध्ये, म्हणजे पहिल्या नॅनोव्हीएनएत, एका स्वीपला 101 बिंदू असतात. 50 किलोहर्ट्झ ते 900 मेगाहर्ट्झ असा पूर्ण पट्टा लावलास तर दोन बिंदूंत 9 मेगाहर्ट्झचं अंतर पडतं आणि तुझा अख्खा फिल्टर त्या फटीत हरवतो. 1 ते 20 मेगाहर्ट्झ पुरे.

खरी गंमत पुढे आहे. फेजच्या आकड्यापेक्षा त्याचा उतार बघ. वारंवारतेच्या 1 मेगाहर्ट्झमागे फेज 36 अंश उतरला, तर त्या पट्ट्यातला सिग्नल 100 नॅनोसेकंद उशिरा बाहेर पडतो. यालाच ग्रुप डिले म्हणतात. तुझ्या फिल्टरमध्ये तो अगदी खालच्या वारंवारतांना 51 नॅनोसेकंदांच्या आसपास निघेल आणि कटऑफला 79. केबलीचे 5 नॅनोसेकंद सगळीकडे सारखेच, त्यांनी सिग्नलचा आकार बिघडत नाही. बिघडतो तो या 51 आणि 79 मधल्या फरकाने. चौकोनी पल्स आत सोडलीस तर कड वर चढून थरथरते, त्याचं मोठं कारण हे. स्टीफन बटरवर्थने 1930 मध्ये डीबीची रेघ सपाट करायचं गणित मांडलं. उशिराची रेघ सपाट करणारा फिल्टर थॉमसनने 1949 मध्ये मांडला. आज आपण त्याला बेसेल म्हणतो. त्याच्या डीबीच्या रेघेचा उतार कटऑफकडे बटरवर्थइतका कडक नसतो, पण पल्स नीट बाहेर येते.

त्याच 10 मेगाहर्ट्झला एक बेसेलही बांध, आणि दोघांचा ग्रुप डिले एकाच आलेखावर काढून मला पाठव. बिंदूंमधलं अंतर फार बारीक ठेवू नकोस, नाहीतर उताराऐवजी नुसता गोंगाट दिसेल.

तुझा,
मामा