जखमी मेंदूची संमती

मे २००२ मध्ये अँटिग्वा येथे झालेला कसोटी सामना आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. फलंदाजी करताना चेंडू लागून अनिल कुंबळे यांचा जबडा मोडला होता. तरीही डोक्याभोवती पट्ट्या गुंडाळून ते मैदानात उतरले, त्यांनी चौदा षटके टाकली आणि ब्रायन लाराला बाद केले. सारा देश भारावून गेला. त्या धैर्याचे कौतुक करण्यात आपले काही चुकले, असे मला वाटत नाही. परंतु त्यातून निघणारा एक प्रश्न आज आपल्यापुढे ठेवावासा वाटतो. आघात जबड्यावर न होता मेंदूवर झाला असता, आणि खेळाडूने तितक्याच निर्धाराने ‘मी खेळणार’ असे म्हटले असते, तर त्याच्या शब्दाला आपण तेवढेच मोल द्यावे काय?

हा प्रश्न केवळ कल्पनेतला नाही. अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलमध्ये तो कित्येक वर्षे धुमसत आहे. हा फुटबॉल आपल्या परिचयाचा, पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबोळका चेंडू घेऊन एका संघाने पुढे सरकायचे आणि प्रतिपक्षाने चेंडू धरणाऱ्या गड्यावर झेप घेऊन त्याला खाली पाडायचे, असा तो खेळ आहे. तेथे धडक हा अपघात नसून खेळाचाच भाग आहे. १९२० साली स्थापन झालेल्या नॅशनल फुटबॉल लीगचे सामने मुख्यतः रविवारी होतात, आणि सकाळची उपासना आटोपून घरी परतलेली कितीतरी कुटुंबे दुपारी ते पाहण्यासाठी एकत्र बसतात.

अशाच एका रविवारी, २५ सप्टेंबर २०२२ रोजी, मायामी डॉल्फिन्स संघाचा टुआ टागोवायलोआ हा खेळाडू धक्का लागून पडला व त्याचे डोके जमिनीवर आपटले. तो उठला, डोके झटकले, दोन पावले चालला आणि लडखडला. सहकाऱ्यांनी त्याला सावरले. पाठीचे दुखणे बळावले आहे, असे त्याने सांगितले. डॉक्टरांनी तपासणी केली आणि उत्तरार्धात तो पुन्हा खेळू लागला. चारच दिवसांनी सिनसिनाटी येथील सामन्यात तो पुन्हा जोराने आपटला. या वेळी त्याच्या हातांची बोटे विचित्र रीतीने ताठरली आणि त्याला स्ट्रेचरवरून बाहेर न्यावे लागले. पुढे लीग आणि खेळाडूंची संघटना यांनी संयुक्त चौकशी केली. पहिल्या सामन्यात ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली होती, परंतु तिचा हेतू साध्य झाला नाही, असा तिचा निष्कर्ष निघाला. नियमाचे अक्षर पाळले गेले आणि त्याचा आत्मा मात्र हरवला! त्यानंतर ऑक्टोबर २०२२ मध्ये नियम बदलण्यात आला. आघातानंतर खेळाडूचा तोल जाताना किंवा बोलणे अडखळताना दिसले आणि ते मेंदूच्या कारणाने असल्याचे डॉक्टरांनी ठरवले, तर त्या दिवशी त्याला पुन्हा मैदानात उतरता येत नाही.

येथे आपण मेंदूच्या रचनेकडे क्षणभर वळू या. मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो. तो मऊ असतो आणि सभोवतीच्या द्रवात तरंगत असतो. डोके वेगाने जात असता एकाएकी थांबले की मेंदू आतल्या आत हलतो, पिळवटतो. या हादऱ्याला कन्कशन म्हणतात. लीगने १९४३ मध्ये हेल्मेट सक्तीचे केले. पुढे आलेल्या कठीण हेल्मेटने कवटी फुटणे टळले, पण आतल्या मेंदूचे हलणे थांबले नाही. उलट आपले डोके सुरक्षित आहे या भरवशावर खेळाडू डोक्यानेच धडक देऊ लागले. जे रक्षणासाठी घातले तेच शस्त्र बनले.

याची किंमत उशिरा कळली. पिट्सबर्ग स्टीलर्सचा नामांकित खेळाडू माइक वेबस्टर २००२ मध्ये वयाच्या पन्नासाव्या वर्षी मरण पावला. अखेरच्या वर्षांत त्याची स्मृती व विचारशक्ती ढासळली होती. नायजेरियात जन्मलेले डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याचा मेंदू तपासला, तेव्हा वारंवार आघात सोसलेल्या मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूत आढळतो तसा ऱ्हास त्यांना दिसला. या विकाराला थोडक्यात सीटीई म्हणतात. त्यांचा निबंध २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर लीगच्या वैद्यकीय समितीतील डॉक्टरांनी तो मागे घ्यावा, अशी मागणी केली. अमेरिकी संसदेच्या समितीपुढे लीगच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने हा खेळ व सीटीई यांचा संबंध मान्य केला, तो २०१६ मध्ये. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या लीगमध्ये खेळलेल्या १११ मृत खेळाडूंच्या मेंदूंपैकी ११० मध्ये हा विकार आढळला. अर्थात मेंदू दान करणाऱ्या अनेक कुटुंबांना आधीच शंका आलेली होती, म्हणून प्रत्येक खेळाडूला हा विकार होतोच, असा अर्थ त्यातून काढता येणार नाही. तथापि ही गोष्ट दुर्लक्ष करण्याजोगीही नाही.

आता कोणी म्हणेल, ‘ही सज्ञान माणसे आहेत. त्यांना भरपूर पैसा मिळतो. स्वखुशीने पत्करलेल्या धोक्याबद्दल इतरांनी का हळहळावे?’ हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. धोका पत्करण्याचे स्वातंत्र्य माणसाला असलेच पाहिजे. खाणीत उतरणारा, समुद्रावर जाणारा, आग विझवणारा, हे सारे धोका पत्करतात. परंतु संमती खरी ठरण्यासाठी दोन गोष्टी लागतात. पहिली ज्ञान. वेबस्टरच्या पिढीला आपण गुडघे, खांदे आणि बोटे पणाला लावत आहोत हे ठाऊक होते; आपली स्मृती, आपला स्वभाव, पत्नी व मुलांना ओळखण्याची शक्ती पणाला लागली आहे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. जे दडवले गेले, त्याला त्यांनी संमती दिली असे कसे म्हणावे?

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. संमती मेंदूने द्यावयाची असते. जबडा मोडलेला खेळाडू आपल्या जबड्याविषयी विचार करू शकतो. ज्याच्या मेंदूला हादरा बसला आहे, तो मात्र आपल्या दुखापतीचा निवाडा त्या दुखावलेल्या मेंदूनेच करत असतो. येथे साक्षीदारच जखमी आहे. त्यात सहकाऱ्यांचा लोभ, जागा गमावण्याचे भय आणि शूर म्हणवून घेण्याची सवय यांची भर पडली की ‘मी ठीक आहे’ हे शब्द आपोआप तोंडून निघतात. तापात बरळणारा मुलगा अंथरुणातून उठू लागला, तर त्याचा हात धरून बसवणारी आई त्याचे स्वातंत्र्य हिरावून घेत नाही. ते परत मिळेपर्यंत त्याच्या वतीने जपून ठेवते. आघाताची चिन्हे दिसल्यास त्याच दिवशी खेळू द्यायचे नाही, हा २००९ चा दंडक आणि कोणत्याही संघाशी बांधील नसलेला मेंदूतज्ज्ञ मैदानाशेजारी उभा करण्याची २०१३ पासूनची पद्धत यांचे नैतिक समर्थन माझ्या मते येथे आहे.

अशा नियमांनी खेळ मिळमिळीत होतो, ही तक्रार जुनीच आहे. १९०५ च्या हंगामात विद्यार्थी खेळाडूंचे मृत्यू झाले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी विद्यापीठांच्या प्रतिनिधींना बोलावून घेतले. पुढच्याच वर्षी झालेल्या सुधारणांत चेंडू पुढे फेकण्यास मुभा मिळाली. आज तीच फेक त्या खेळाचे सर्वांत मोठे सौंदर्य मानली जाते. २०१८ मध्ये डोके खाली घालून धडक देण्यावर पंधरा यार्डांचा दंड बसला. २०२४ मध्ये प्रारंभीच्या फटक्याची रचना बदलून दोन्ही संघांना जवळजवळ उभे करण्यात आले, म्हणजे दुरून धावत येऊन होणाऱ्या टकरी कमी व्हाव्यात. खेळ त्यानंतरही चालूच आहे.

मात्र नियमांनाही मर्यादा आहे. केवळ मोठ्या हादऱ्यांनीच नव्हे, तर वर्षानुवर्षे साचलेल्या लहान आघातांनीही सीटीईचा धोका वाढतो, आणि ते आघात नियमानुसारच होतात. २०१५ मध्ये ख्रिस बोरलंड या चोवीस वर्षांच्या खेळाडूने एकच हंगाम खेळून, निरोगी असताना, माहिती घेऊन निवृत्ती पत्करली. इतर अनेक जण तीच माहिती असूनही खेळत राहिले. त्यांना दोष देणारे आपण कोण? पण बोरलंडला ‘नाही’ म्हणता आले, म्हणूनच इतरांच्या ‘होय’ ला अर्थ आहे.

वाचकहो, मैदान अमेरिकेत असले तरी टाळ्या वाजवणारे हात सगळीकडे सारखेच असतात. लडखडत उठणाऱ्या गड्याला पाहून आपण गर्जना करतो, तेव्हा तो काय ऐकतो? ‘उठ, खेळ’ हेच ना? आणि हे केवळ परदेशापुरते नाही. आपल्या मुलांपैकी कोणी फुटबॉल, कबड्डी वा क्रिकेट खेळताना डोक्यावर पडेल, उठून धूळ झटकेल आणि म्हणेल, ‘काही झाले नाही’. तेव्हा त्याच्या धैर्याचे कौतुक अवश्य करा, पण त्याच्या साक्षीवर विसंबू नका. त्याला बाहेर बसवा, डॉक्टरांना दाखवा, आणि ते सांगेपर्यंत पुन्हा मैदानात पाठवू नका. तो रागावेल, कदाचित रडेलही. ते रडणे आपण सोसावे.