कुणाची आठवण, कुणाच्या घरी?

आमच्या बिर्लानगरच्या घरी शोकेसमध्ये पितळेची एक चकती आहे. तिच्यावर २१४ हा आकडा. कुठल्याशा प्रवासी जहाजातल्या खोलीचा नंबर. परवा नातीने विचारलं, "आजी, तू या बोटीत बसली होतीस?" मी तर जन्मात बोटीत बसले नाही!

पालिताण्याची यात्रा करून परतताना आमची गाडी अलंगकडे वळली होती. भावनगर जिल्ह्यातल्या या किनाऱ्यावर १९८३ पासून जहाजे मोडली जातात. मोठ्या भरतीला जहाज किनाऱ्यावर चढवतात, ओहोटीला ते रुतून बसते, मग गॅस कटरने त्याचे तुकडे होतात. १९६२ मध्ये थाटात पहिल्या सफरीला निघालेले 'फ्रान्स' हे जहाज २००६ मध्ये 'ब्लू लेडी' नावाने इथेच आले. लोखंड वितळवायला जाते आणि खुर्च्या, आरसे, कपबश्या रस्त्याकाठच्या दुकानांत. शौकीन लोक जहाजाचं नाव असलेली बशी, घंटा हौसेने जमवतात.

सकाळी शत्रुंजयाच्या हजारो पायऱ्या चढताना मनात अपरिग्रह होता. दुपारी मी तीनशेची चकती दोनशेला मागत होते!

परिग्रह वस्तूत नसतो, तिच्यावरच्या मूर्च्छेत असतो, हे आपण प्रवचनात ऐकतो. ज्याने त्या जहाजावर नोकरी केली, त्याने ती चकती जपली तर ती त्याची आठवण. माझी मात्र नुसती मालकी.

दुकानासमोर चहाच्या टपरीवर एक मुलगा बसला होता. मनगटावर भाजल्याचे डाग. विचारलं तर हसून म्हणाला, "कटिंग में होता है, माँजी." चकतीचे मी पैसे मोजले. त्या मनगटाचे कुणी मोजले?

सासरे इथल्या जे. सी. मिलमध्ये होते. मिल बंद पडली, त्यांचा नंबरचा बिल्ला मात्र आमच्या कपाटात आहे. उद्या कुणी तो गंमत म्हणून आपल्या दिवाणखान्यात लावला, त्यामागचे हात न विचारता, तर मला चालेल का? नाही चालणार.

म्हणून मैत्रिणींनो, चकती मी टाकली नाही. बिल्ल्याशेजारी ठेवली. नातीला जहाजाची नाही, त्या मुलाची गोष्ट सांगितली. आणि दुसरी चकती घ्यायची नाही, एवढा नियम घेतला आहे.