जखमी दोन, जागा एक

लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील शोमरोन्याचा दाखला उपासनेच्या तिसऱ्या वर्षी, सामान्य काळातील पंधराव्या रविवारी वाचला जातो. दर तीन वर्षांनी, ऐन पावसाळ्यात, तो आमच्या वाट्याला येतो. २०२५ चा जुलै धरून आजवर दहा वेळा आम्ही त्यावर प्रवचन केले आहे. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणारी ती सुमारे हजार मीटर उताराची ओसाड वाट, बाजूने निघून जाणारे याजक व लेवी, तेल आणि द्राक्षारस, उतारशाळेच्या मालकाच्या हाती दिलेले दोन दीनार, हे सारे आम्ही श्रोत्यांपुढे मांडत आलो. एक प्रश्न मात्र दहाही वेळा टाळला. त्या वाटेवर एकाऐवजी दोघे जखमी पडलेले असते, त्यांपैकी एक शोमरोन्याचा जिवलग मित्र असता, आणि जनावराच्या पाठीवर जागा एकालाच असती, तर?

हा प्रश्न आम्हाला ग्रंथ वाचताना सुचलेला नाही. तो २००१ सालच्या जुलै महिन्यात, वसईच्या पूर्वेला अहमदाबाद महामार्गावर, रात्री साडेनऊच्या सुमारास आमच्या पुढ्यात येऊन पडला.

त्या वेळी आम्ही एकतीस वर्षांचे होतो आणि एका धर्मग्रामात सहायक धर्मगुरू म्हणून काम पाहत होतो. महामार्गापलीकडील एका पाड्यावर संध्याकाळची मिस्सा होती. आमच्यापाशी वाहन नव्हते. बालपणापासूनचा एक मित्र, फुलांचा आणि भाजीचा व्यापार करणारा, आपल्या मोटारसायकलवरून आम्हाला घेऊन गेला. पहाटे तीनला उठून त्याला दादरला माल न्यायचा होता, तरी तो आला. परत येताना पाऊस कोसळत होता. त्याच्या डोक्यावर हेल्मेट होते, आमच्या डोक्यावर नव्हते. मागे बसणाऱ्यालाही कायद्याने ते सक्तीचे आहे, हे ठाऊक असून नव्हते. काळोखातून एक माणूस रस्ता ओलांडताना अचानक दिव्याच्या झोतात आला. मित्राने ब्रेक दाबला, चाक घसरले, आणि आम्ही तिघे तीन दिशांना फेकले गेलो.

आम्हाला खरचटण्यापलीकडे काही झाले नव्हते. मित्राची नडगी मोडली होती. तो मोठ्याने ओरडत होता, आमचे नाव घेऊन हाका मारीत होता. तो तिसरा माणूस रस्त्याच्या कडेला उताणा पडला होता, त्याच्या अंगावर कारखान्यातल्या कामाचे मळके कपडे होते, आणि तो काहीच बोलत नव्हता. आम्ही मित्राकडे धावलो.

बरीच वाहने न थांबता गेली. अखेर एक लहान मोटार थांबली. आत एक गृहस्थ, त्यांची पत्नी आणि झोपलेले मूल. पत्नी मुलाला घेऊन पुढच्या आसनावर बसली आणि मागची जागा त्यांनी मोकळी करून दिली. "फादर, एकाला नेता येईल. दोघांना नाही," ते म्हणाले. आम्ही क्षणभरही थांबलो नाही. पंक्चरच्या दुकानातील दोन मुलांच्या मदतीने मित्राला आत ठेवले. त्या मुलांना, "त्याच्याकडे बघा हं," असे सांगितले, आणि मित्राचे डोके मांडीवर घेऊन आम्हीही त्याच गाडीतून निघालो. अर्ध्या तासाने एका टेम्पोने दुसऱ्या माणसाला इस्पितळात पोहोचवले. तेथील वहीत त्याची नोंद 'अनोळखी इसम' अशी झाली. दुसऱ्या दिवशी त्याचे नाव कळले, तिसऱ्या दिवशी तो वारला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. लवकर आणले असते तर बरे झाले असते, किती बरे ते सांगता येत नाही, असे डॉक्टर म्हणाले. अधिक काही सांगणे त्यांनाही शक्य नव्हते.

पुढील काही वर्षे आम्ही स्वतःचे समाधान करीत राहिलो. त्यासाठी आधारही सापडला. विल्यम गॉडविन या इंग्रज विचारवंताने १७९३ मध्ये आपल्या राजनीतीवरील ग्रंथात एक उदाहरण घातले आहे. घराला आग लागली आहे, आत कांब्रेचे महाधर्माध्यक्ष फेनेलाँ आणि त्यांची दासी आहे, एकालाच वाचवता येईल. गॉडविन सांगतो, फेनेलाँना वाचवा, कारण त्यांच्यामुळे जगाचे अधिक कल्याण होईल. ती दासी तुमची पत्नी असो वा आई, हिशेब बदलत नाही. हे वाचून कोणाच्याही अंगावर काटा यावा. याउलट बर्नार्ड विल्यम्स या तत्त्वज्ञाने १९७६ मध्ये असे प्रतिपादन केले की, बुडणाऱ्यांमध्ये आपली पत्नी असताना तिला वाचवणे नीतीला धरून आहे की नाही, असा विचार करीत जो थांबतो, त्याने एक विचार जास्तच केला. प्रेमाला परवानगीपत्र लागत नाही. ही भूमिका आम्हाला भावली. आम्ही तरी कोठे विचार केला होता? मित्र दिसला, उचलला.

परंतु विल्यम्सच्या उदाहरणात पाण्यात बुडणारे सारखेच बुडत असतात. आमच्या रस्त्यावर तसे नव्हते. जो ओरडतो त्याचा श्वास चालू असतो, शुद्ध शाबूत असते. अपघातस्थळी भय बाळगावे ते गप्प पडलेल्याचे. नेपोलियनचा शल्यचिकित्सक डॉमिनिक लारे याने रणांगणावर हाच नियम घालून दिला होता की, हुद्दा न पाहता ज्याची जखम अधिक घातक त्याला प्रथम हात लावावा. लारेचे नाव आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते, हे खरे. पण मोडका पाय आणि निपचित पडलेला देह यांतील फरक कळायला लारे कशाला हवा? आमच्या हातून एक विचार जास्त झाला नव्हता, एक कमी पडला होता.

त्याहून लाजिरवाणी गोष्ट अशी की, हा विचार आम्ही शिकलेलो होतो. गोरेगावच्या सेमिनरीत संत थॉमस अक्वायनसचे 'सुम्मा' अभ्यासताना प्रीतीची क्रमवारी हा विषय आम्ही मन लावून तयार केला होता. संत थॉमस काही गॉडविनसारखा कोरडा नाही. सर्वांवर समान प्रीती करावी असे तो म्हणत नाही. आईबाप, आप्त, मित्र यांचा आपल्यावर अधिक हक्क आहे, असेच त्याचे मत आहे. मात्र उपकाराची चर्चा करताना तो एक अपवाद नोंदवतो. परका मनुष्य पराकाष्ठेच्या गरजेत असेल आणि जन्मदात्या पित्याची गरज तितकी निकडीची नसेल, तर प्रथम परक्याला साहाय्य करावे. पित्याच्याही आधी. या प्रकरणावर परीक्षेत आम्हाला उत्तम गुण मिळाले होते.

मग रस्त्यावर काय आडवे आले? केवळ मैत्री आडवी आली असे म्हणणे सोपे आहे आणि थोडे शोभूनही दिसते. मनाची झडती घेतली असता आणखीही काही हाती लागते. आमच्या कामासाठी मित्र पावसात बाहेर पडला होता, त्याचे ओझे होते. वहिनींना काय तोंड दाखवावे, ही चिंता होती. शिवाय ते मळके कपडे. त्या कपड्यांनी आमच्या निर्णयात काही भाग घेतला का? घेतला नाही, असे आम्ही पापनिवेदनाच्या कोठडीत गुडघे टेकून सांगू शकलेलो नाही.

ऋणाच्या गोष्टीपाशी थोडे थांबले पाहिजे. आम्ही मित्राचे देणे लागत होतो, यात संशय नाही. पण देणे फेडावे ते स्वतःच्या गाठीचे. पुढे सहा महिने त्याच्या पायात सळई होती. आम्ही एक दिवसाआड त्याच्याकडे जात होतो, त्याला आंघोळ घालीत होतो, उसनवारी करून औषधे आणीत होतो, त्याच्या थोरल्या मुलाला गणित शिकवीत होतो. हे सारे आमचे होते, आणि मैत्रीपोटी ते द्यायला आम्ही मोकळे होतो. गाडीतील ती जागा आमची नव्हती. ती ज्याला सर्वाधिक गरज होती त्याची होती, आणि आम्ही ती त्याच्या वतीने देऊन टाकली. मित्रांसाठी प्राण देणाऱ्याची थोरवी प्रभू येशूने सांगितली. तेथे अभिप्रेत आहे तो स्वतःचा प्राण.

मित्राला बरेच दिवस आम्ही पूर्ण हकीकत सांगितली नव्हती. पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला होता, जबाब झाले, खटला चालला आणि कालांतराने तो निर्दोष सुटला. त्या भागाची येथे आवश्यकता नाही. एके दिवशी, आम्ही त्याच्या पायाला तेल चोळीत असता, त्याने विचारले, "गाडीत एकालाच जागा होती ना?"

आम्ही हो म्हणालो.

"आणि तो बेशुद्ध होता?"

आम्ही पुन्हा हो म्हणालो. तो बराच वेळ छताकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मी मरणार नव्हतो रे. मग मला कशातून वाचवलंस? त्याला नेलं असतंस तर मला वाचवलं असतंस."

आम्हाला उत्तर सुचले नाही. ॲरिस्टॉटलने मित्राची व्याख्या करताना म्हटले आहे की, मित्राचे भले मित्रासाठीच इच्छिणारा तो मित्र. आमच्या मित्राचे भले त्या रात्री कशात होते? वेदना लवकर थांबण्यात होते, हे खरेच. पण आपल्या चाकाखाली आलेला माणूस जगावा, यात ते कितीतरी अधिक होते. गेली चोवीस वर्षे तो हे ओझे वाहतो आहे. म्हणजे त्या रस्त्यावर मित्र की परका अशी निवड आम्ही समजत होतो तशी नव्हतीच. मित्राचे हित त्या गप्प पडलेल्या माणसापाशी होते, आणि मित्राच्या किंकाळीमुळे आम्हाला ते दिसले नाही.

त्यानंतर परिस्थिती काहीशी पालटली आहे. जखमीवर आधी उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, पोलिसी सोपस्कार मागाहून, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच सांगितले होते. तरीही त्या रात्री पहिल्या दवाखान्यात आम्हाला प्रथम पोलिसांविषयीच विचारले गेले. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ मध्ये सुरू झाली. मदत करणाऱ्याला चौकशीच्या फेऱ्यात अडकवू नये, अशा मार्गदर्शक सूचनांना न्यायालयाने २०१६ मध्ये कायद्याचे बळ दिले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४अ हे कलम आले. कायद्याच्या भाषेतही त्या मदतगाराला शोमरोन्याचेच नाव मिळाले आहे. हे सर्व स्वागतार्ह आहे. तथापि कोणाला आधी उचलावे, हे ते कलम सांगत नाही.

दरवर्षी जुलै महिन्यात आमचा मित्र एक मिस्सा सांगतो. त्या कामगाराचे नाव आम्ही वेदीवरून वाचतो. ते नाव धर्मग्रामातील कोणाच्याही ओळखीचे नाही, आणि मिस्सेनंतर दोन-चार वृद्ध स्त्रिया हा कोण म्हणून विचारतात. २०२५ च्या त्या रविवारी प्रवचन आटोपून आम्ही बाहेर आलो, तेव्हा तो पायरीपाशी उभा होता.

"यंदाही जखमी एकच?" त्याने विचारले.

आम्ही म्हणालो, शुभवर्तमानात एकच आहे.

"प्रवचनात जमत नसेल तर लिहून तरी काढ," असे म्हणून तो काठी टेकीत फाटकाकडे निघून गेला.