पात्र तेच, नट नवा

आवडत्या माणसाच्या जागी दुसरा कोणी आला, की त्याच्याशी आपण कसे वागतो यावरून आपल्या निष्ठेची पारख होते, असा एक समज आहे. आमच्या मते त्या प्रसंगी पारख होते ती निष्ठेची नव्हे, न्यायबुद्धीची. आणि तीत उतरणारी माणसे फार थोडी. आम्ही स्वतः त्या थोड्यांत नाही, हे पुढे कबूल करावयाचेच आहे.

विषय निघाला तो एका विलायती गुप्तहेरावरून. गिरगावातील एका स्नेह्यांकडे रविवारी सकाळी आम्ही चार मंडळी जमतो. जेम्स बाँड या हेराच्या चित्रपटमालेत नवा नट आला, तरी आपण त्याचे तोंड पाहणार नाही, असे आमच्यातील एका वृद्ध गृहस्थांनी परवा जाहीर केले. १९६२ सालच्या पहिल्या चित्रपटापासून २०२१ सालच्या पंचविसाव्या चित्रपटापर्यंत या मालेत सहा नटांनी ही एकच भूमिका केली. पैकी शॉन कॉनरी तेवढा खरा; लेझनबी, मूर, डाल्टन, ब्रॉस्नन आणि क्रेग हे पाचही जण तोतये, असा त्यांचा निकाल. निकाल विनोदाने दिलेला होता. परंतु 'तोतया' हा शब्द आमच्या मनातून जाईना.

तोतया म्हणजे कोण? पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचे नाव सांगत जो उठला, तो तोतया. कारण 'मीच भाऊ' असे तो म्हणत होता. नट असे कधी म्हणतो काय? त्याचे स्वतःचे नाव भिंतीवरील जाहिरातीत ठळक छापलेले असते. त्याचा दावा एवढाच, की दोन-तीन घटका मी हे सोंग वठवून दाखवितो, पटले तर माना. लेझनबीच्या १९६९ सालच्या चित्रपटात तर आरंभीच त्याच्या तोंडी आपल्या आधीच्या गड्याकडे बोट दाखविणारे एक वाक्य घातलेले आहे. जो स्वतःच होऊन 'मी तो नव्हे' असे सांगतो, त्याला तोतया ठरविणे हा शब्दाचाही अपराध आहे आणि माणसाचाही.

निष्ठावंतांचे म्हणणे मात्र असे, की पात्राला पहिल्या नटाने जो देह दिला, तोच त्याचा देह. दुसरा आला की पात्र मेले. या म्हणण्यात काही तथ्य आहे. परंतु 'पहिला' कोणास म्हणावयाचे? इयन फ्लेमिंगच्या कादंबरीत बाँड जन्मला १९५३ साली, आणि पुढल्याच वर्षी अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर बॅरी नेल्सन नावाच्या नटाने ही भूमिका केली. म्हणजे खुद्द कॉनरीही पहिला नव्हे. फ्लेमिंगलाही आरंभी तो या कामास योग्य वाटला नव्हता. पुढे त्याचे मत इतके पालटले, की १९६४ सालच्या कादंबरीत त्याने आपल्या नायकाचा बाप स्कॉटलंडचा ठरवून टाकला. कारण कॉनरी त्या मुलखातला. कालचा उपरा आज असा कुळात दाखल होतो, आणि मग कुळाच्या नावाने उद्याच्या उपऱ्याला दार लावले जाते.

आपल्या रंगभूमीचा अनुभव निराळा नाही. भाऊराव कोल्हटकर १९०१ साली वारले. १९०५ साली नारायणराव राजहंस किर्लोस्कर नाटक मंडळीत शकुंतला होऊन उभे राहिले, तेव्हा ते सतरा वर्षांचे नवखे पोर होते, आणि त्यांचे गाणे ऐकणाऱ्या कित्येकांच्या कानांत भाऊरावांचा सूर अजून होता. आज 'बालगंधर्व' हे आपले माप झाले आहे; त्या दिवशी मात्र ते स्वतः दुसऱ्याच्या मापाने मोजले जात होते. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' १९७० साली रंगभूमीवर आले आणि डॉ. श्रीराम लागूंनी अप्पासाहेब बेलवलकर उभा केला. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनी तीच भूमिका केली. अप्पासाहेब तेवढ्याने मेले नाहीत. उलट त्यांच्या दुःखाला किती आवाज आहेत, हे कळले.

संस्कृतात भूमिकेला 'पात्र' हा शब्द आहे, आणि पात्र म्हणजे भांडेही. अभिनवगुप्ताने नटाविषयी हाच श्लेष साधला आहे: भांड्यातल्या मद्याची चव भांड्याला नसते, तसा रसाचा आस्वाद नटाला नव्हे, रसिकाला. हा विचार पुढे नेला, तर भांडे बदलल्याची तक्रार व्यर्थ ठरते. लालबाग-परळच्या माणसाला हे तत्त्व शिकवावयास नको. अनंत चतुर्दशीला तो मूर्ती समुद्रात सोडतो, डोळे पुसतो, आणि पुढल्या वर्षी नव्या मातीची मूर्ती आणताना 'हा गेल्या वर्षीचा गणपती नव्हे' अशी शंका त्याला शिवत नाही.

परंतु येथेच आम्हांस थांबले पाहिजे. हा दृष्टांत गोड आहे, पण पुरता लागू नाही. माती आपल्या अंगचे असे काही गणपतीला देत नाही, नट देतो. कॉनरीने बाँडला बाप दिला, लागूंनी अप्पासाहेबांना स्वर दिला. तेव्हा पहिल्या नटाचे ऋण खरे आहे, आणि ते विसरणे हा कृतघ्नपणाच. प्रश्न एवढाच, की हे ऋण फेडावयाचे कोणी? घेतले आपण, प्रेक्षकांनी. आणि वसुली करतो त्या बिचाऱ्या दुसऱ्याकडून! मातीची मूर्ती 'माझ्यावर अन्याय झाला' असे म्हणत नाही. माणूस पुष्कळदा तोंडाने म्हणत नाही. पण होतो तो अन्यायच.

आता आमची कबुली. विद्यार्थिदशेत गिरगावातील साहित्य संघ मंदिरात आम्ही एका नाटकास गेलो होतो. पडदा उघडण्यापूर्वी, मुख्य भूमिका आज दुसरे नट करतील, अशी सूचना झाली. पहिला अंक आम्ही हाताची घडी घालून पाहिला आणि मध्यंतरात, चारचौघांस दिसेल अशा बेताने, उठून आलो. त्या नटाने काम वाईट केले काय? आज शपथेवर सांगावयाचे तर आम्हांस ठाऊक नाही. कारण आम्ही त्याला पाहिलेच नाही. तो जेथे उभा होता, तेथे आम्ही दुसऱ्याची अनुपस्थिती पाहत होतो.

त्यानंतर काही वर्षांनी आम्ही अध्यापक झालो, ते एका विद्यार्थिप्रिय प्राध्यापकांच्या निवृत्तीने रिकाम्या झालेल्या जागेवर. पहिल्या तासाला मागच्या बाकावरून कोणी पुटपुटले, "सर हे असं शिकवत नसत." आम्ही ऐकले नाही असे दाखविले, खडू उचलला आणि फळ्याकडे वळलो. त्या क्षणी आम्हांस साहित्य संघाचा तो मंच आठवला, आणि मध्यंतरात रिकामी झालेली एक खुर्ची.

तेव्हा आमच्या वृद्ध स्नेह्यांस आम्ही एवढेच म्हणतो: कॉनरी आपला आहे, तो आपलाच राहू द्या, त्याच्यासाठी मनात एक जागा राखून ठेवण्यास कोणाची हरकत नाही. मात्र ती जागा मनात असावी, नवा माणूस ज्या जागेवर उभा आहे तेथे नव्हे. नवा नट वाईट निघाला तर खुशाल वाईट म्हणा. पण वाईट म्हणण्यापूर्वी त्याला पाहण्याचे कष्ट घ्या. तुलना करू नये असे आमचे म्हणणे नाही. तुलना करावयाची तरी दोघांनाही पाहिलेले असले पाहिजे.

असो. साहित्य संघातील त्या नटाचे नाव आम्ही त्या वेळी लक्षात ठेवले नाही. आता क्षमा मागावी म्हटले, तर कोणाची मागावी हे कळत नाही.