न मोजलेला टोला

स्वस्त मिळालेल्या वस्तूचा आनंद निर्मळ असतो कीं नाहीं, हा प्रश्न पुष्कळांस प्रश्नच वाटणार नाहीं. मंडईंत घासाघीस करून चार पैसे वांचविणाऱ्या गृहिणीचें आपण कौतुकच करतों आणि तें योग्यही आहे. परंतु ह्या कौतुकास एक अट आहे. जे पैसे आपले वांचले ते दुसऱ्या कोणाच्या पदरांतून त्याच्या नकळत गेलेले नसावेत. अट दिसावयास साधी. पण ती पाळणें किती अवघड आहे हें आम्हांस जेथें विशेष जाणवलें तें स्थळ वाचकांस कदाचित् विचित्र वाटेल. तें म्हणजे स्पेन देशाच्या दक्षिण किनाऱ्यावर, डोंगराच्या उतरणीवर आंखलेलें एक गोल्फचें मैदान.

गोल्फ हा खेळ आमच्या बहुतेक वाचकांनीं चित्रांतच पाहिला असेल. गोट्या खेळणाऱ्या मुलांच्या भाषेंत सांगावयाचें तर शें-दीडशेंपासून पांचशें मीटरपर्यंत दूर असलेल्या गलींत, काठीच्या होतील तितक्या थोड्या टोल्यांनीं चेंडू घालावयाचा, आणि अशा अठरा गली पुऱ्या करावयाच्या, एवढाच तो खेळ. ज्या किनाऱ्याविषयीं आम्ही लिहीत आहों त्यास कोस्ता देल सोल, म्हणजे सूर्याचा किनारा, असें नांव आहे. तेथें मालागा शहराजवळ, समुद्रालगतच्या सपाटीवर, 1925 सालीं मैदान तयार झालें; आज त्या किनाऱ्यावर साठाहून अधिक मैदानें आहेत. सपाट जमीन हॉटेलांनीं व बंगल्यांनीं व्यापली तशीं नवीं मैदानें मागच्या डोंगरांत सरकलीं. मार्बेया शहराच्या पाठीमागें बेनाविस गांवच्या हद्दींत अशीं कित्येक आहेत.

डोंगरावर खेळणें सोपें नव्हे. चेंडू कधीं पायांच्या वर, कधीं खालीं. उत्तम मारलेला टोला उतारावरून घरंगळत काट्यांत जातो, आणि भलतीकडे गेलेला चेंडू कड्यास आपटून आपणहून वाटेवर येतो. कर्म आणि फल ह्यांची फारकत पाहण्यास इतकें सोईचें ठिकाण विरळा. शिवाय चढण अशी कीं दुसऱ्या तासास धाप लागते. त्यामुळें नामांकित मैदानांवर एका फेरीस शेंकडों युरो पडत असतां, ह्यांपैकीं कांहीं डोंगरी मैदानांवर, विशेषतः उन्हाळ्यांत दुपार कलल्यावर, त्या रकमेच्या लहानशा अंशांत खेळतां येतें. आणि तेवढ्यांत काय मिळतें? डावीकडे ला कोंचाचें करडें शिखर, समोर भूमध्य समुद्र, उजवीकडे जिब्राल्टरचा खडक आणि हवा निवळ असली म्हणजे त्याच्याही पलीकडे आफ्रिकेच्या डोंगरांची निळसर रेघ. कॉर्कच्या झाडाखालीं उभें राहून हें पाहतांना आमच्या सोबत्यांनीं खिशांतील पावती काढून तिच्याकडे पुन्हां एकदां समाधानानें पाहिलें. त्यांचें समाधान आम्हांस समजलें. पण त्याच क्षणीं हा लेखाचा विषयही सुचला.

कारण ह्या खेळाचा एक नियम फार थोर आहे. येथें बहुधा पंच नसतो. आपले टोले आपणच मोजावयाचे, आणि चूक झाली तर दंडही आपणच लावून घ्यावयाचा, असें नियमांच्या पहिल्याच प्रकरणांत सांगितलें आहे. 1925 सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेंत बॉबी जोन्स ह्या विख्यात खेळाडूचा चेंडू टोल्यापूर्वींच किंचित् हलला. दुसऱ्या कोणाच्याही तें लक्षांत आलें नव्हतें. त्यानें स्वतः होऊन एक टोला दंड घेतला. स्पर्धेअंतीं तो बरोबरींत राहिला आणि बरोबरी फोडण्यासाठीं झालेल्या खेळांत हरला. डोंगरावर तर अशी परीक्षा घटकेघटकेस होते. चेंडू घळींत गेला कीं खेळाडू एकटाच झुडपांत शिरतो. वर उभ्या असलेल्या सोबत्यांस त्याची टोपीही दिसत नाहीं. चेंडू शोधण्यास 2019 पासून तीनच मिनिटें मिळतात. तेवढ्या वेळांत कोणीं पायानें चेंडू थोडा सरकविला तर त्यास साक्षीदार फक्त रोझमेरीचीं झुडपें. असें असूनही बहुतेक खेळाडू न दिसलेला टोला मोजतात, ही ह्या खेळाची खरी प्रतिष्ठा आहे.

आतां आमचा प्रश्न असा. जो मनुष्य घळींतला न दिसलेला टोला आपल्या हिशेबांत धरतो, तोच पावतीवर न दिसलेलें मोल हिशेबांत कां धरीत नाहीं?

त्या मोलांतील सर्वांत मोठी रक्कम पाण्याची आहे. अंदालुसियाच्या उन्हाळ्यांत महिनेच्या महिने पाऊस पडत नाहीं, आणि डोंगर तर सर्व बाजूंनीं वाळून पिंगट होतो. त्याच्या मधोमध तो हिरवागार पट्टा उगवतो तो आपोआप नव्हे. 2023-24 च्या हिंवाळ्यापर्यंत लांबलेल्या अवर्षणांत मालागाच्या पूर्वेकडील ला विन्युएला जलाशयांत 2024 च्या आरंभीं दशांशाहूनही कमी पाणी उरलें होतें. त्या जलाशयावर अक्सार्किया भागांतील अवोकाडोच्या आणि आंब्याच्या बागा जगतात. (युरोपांत आंबा होतो हें आमच्या कोंकणांतील वाचकांस खरें वाटणार नाहीं, पण होतो.) बागांचें पाणी तोडण्यांत आलें, कित्येक बागाईतदारांनीं झाडें तरी वांचावींत म्हणून तीं बुंध्यापर्यंत छाटलीं. पुढें 2025 च्या वसंत ऋतूंतील पावसानें जलाशय पुष्कळ भरला, ही गोष्ट निराळी.

मैदानांच्या कैवाऱ्यांचें एक उत्तर ऐकून घेतलें पाहिजे. ते म्हणतात कीं आम्ही पिण्याचें पाणी वापरीत नाहीं. गांवाचें सांडपाणी शुद्ध करून तें गवतास देतों. ह्यांत तथ्य आहे. अंदालुसियाच्या सरकारनें 2008 सालीं तसा नियमच केला, आणि पुष्कळ मैदानांवर हें पाणी पिऊं नये अशा पाट्या दिसतात. मात्र नियम झाला म्हणजे प्रत्येक नळांतलें पाणी बदललें असें नव्हे. आणि दुसरें, अधिक महत्त्वाचें असें कीं शुद्ध केलेलें सांडपाणी कोणाचेंच नसतें ही समजूत चुकीची आहे. त्याच अवर्षणांत तसलेंच पाणी बागांपर्यंत पोंचविण्याची व्यवस्था करावी लागली. जें पाणी दोघांस हवें, तें एकास दिल्यानें दुसऱ्याचें कांहीं गेलें नाहीं असें म्हणतां येत नाहीं.

ह्यावर कोणी म्हणेल, "आम्हीं मागितला तो दर दिला, अधिक कर्तव्य तें कोणतें?" दर दिल्यानें पाहुणा चोर ठरत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. परंतु दोष आणि ऋण ह्या दोन वस्तु भिन्न आहेत. आमच्या धर्मशास्त्रानें मनुष्यास जन्मतःच ऋणी मानिलें, तें तो अपराधी आहे म्हणून नव्हे. तो ज्यावर उभा आहे तें पुष्कळ दुसऱ्यांनीं सिद्ध केलें आहे म्हणून. पहांटे पहिला खेळाडू येण्यापूर्वीं गवत कापून, वाळूचे खड्डे सारखे करून, गल नव्या जागीं पाडून ठेवणारा माळीही त्यांतलाच. ऋण फेडतां येईल तेव्हां येईल. पण तें वहींत लिहिण्यास कोणाची आडकाठी आहे?

दुसऱ्या टोंकाचा उपदेश मात्र आम्हांस पटत नाहीं. गोल्फ म्हणजे श्रीमंतांचा चाळा, तो अजिबात बंद करावा, असें म्हणणारे स्वस्त मैदानाचा मोठा गुण विसरतात. तें दार उघडतें. सेव्हे बायेस्तेरोस हा 1957 सालीं स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरील पेद्रेन्या खेड्यांत जन्मला. गांवचें मैदान सभासदांचें होतें. हा मुलगा तेथें दुसऱ्यांच्या काठ्या वाहत असे आणि स्वतः खेळावयाचें तर रात्रीं चोरून शिरत असे. पुढें त्यानें ब्रिटनची खुली स्पर्धा 1979, 1984 आणि 1988 सालीं जिंकली. 2011 सालीं वारण्यापूर्वीं त्यानें ह्याच दक्षिण किनाऱ्याच्या डोंगरांत मैदानें आंखून दिलीं. अशा मुलास उजेडीं शिरतां येईल इतका दर असणें हें आम्ही सार्वजनिक हिताचें समजतों.

म्हणून आमचा रोख स्वस्ताईवर नाहीं. स्वस्त दर देऊन महागडी हिरवळ मागणाऱ्या पाहुण्यावर आहे. अवर्षणाच्या उन्हाळ्यांत गवत पिवळें पडलें, चेंडू कोरड्या जमिनीवर टणटण उडाला, कीं पैसे फुकट गेले अशी तक्रार तो करतो, आणि त्याच्या तक्रारीस भिऊन चालक नळ सोडतात. त्यानें पिवळ्या गवतावर खेळावें. खेळ त्यानें बिघडत नाहीं. सेव्हे आपले पहिले टोले पेद्रेन्याच्या समुद्रकांठीं, एकाच लोखंडी काठीनें, उघड्या वाळूवर मारावयास शिकला.