फुकटच्या उन्हातला संयम

2022 मध्ये मुंबईत घरगुती सिलिंडर हजार रुपयांपलीकडे गेला आणि गच्चीवरचा सोलर बंब हा घरोघरी हिशेबाचा विषय झाला. पण पैसे वाचवण्यासाठी केलेली गोष्ट अपरिग्रहात बसते का? माझ्या मते बसते, हेतूमुळे नव्हे तर मर्यादेमुळे. 100 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला सुमारे 4.7 युनिट उष्णता लागते. 2 चौरस मीटरचे पॅनेल चांगल्या उन्हात साधारण तेवढीच देते आणि ढगाळ दिवशी हात आखडते.

यावर कोणी म्हणेल, घेतल्याने सूर्य कमी होत नाही, मग संयम कशाला? सूर्य कमी होत नाही, पाणी होते. ऊन फुकट म्हणून बादलीच्या जागी शॉवर आला, तर मिळवलेले मोरीतून वाहून गेले. मराठवाड्यात तर ते पाणीही टँकरचे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, मिळालेले परत न करता भोगणाऱ्याला चोर म्हटले आहे. सूर्याला परतफेड करता येत नाही, शेजाऱ्याला येते. सोसायटीची गच्ची एकट्या वरच्या मजल्याची नसते आणि भाडेकरूला तिथे सहसा काही बसवताही येत नाही. म्हणून सामाईक टाकी मला अधिक धर्म्य वाटते, तिच्या पाइपांवरून सभेत कितीही भांडणे झाली तरी.