पानांचा कौल

जुन्या चित्रांच्या टॅरो पत्त्यांचे जोड जमविण्याचा नाद आम्हांस कसा लागला हें सांगण्यासारखें नाहीं; नाद सारेच असे नकळत लागतात. अस्सल जुने जोड आमच्या आटोक्यांतले नव्हेत. आमच्या पेटींत आहेत त्या चांगल्या छापील प्रतिकृति. तरी त्या हातांत घेतल्या म्हणजे दोन तास कसे गेले तें कळत नाहीं. या निरुपद्रवी नादांत नीतीचा कांहीं प्रश्न दडलेला असेल अशी शंकाही गेल्या पावसाळ्यापर्यंत आम्हांस शिवली नव्हती.

त्या सुमारास आमच्या परिचयाच्या एक बाई घरीं आल्या. त्यांच्या यजमानांवर दोन दिवसांनीं मोठी शस्त्रक्रिया व्हावयाची होती. मेजावर पसरलेले पत्ते पाहून त्या म्हणाल्या, "यावरून पुढचें सांगतात ना? मग आमचें पहा बरें." आम्हीं हंसून टाळण्याचा प्रयत्न केला, परंतु त्यांच्या चेहऱ्याकडे पाहवेना. पत्ते पिसले व एक पान काढावयास सांगितलें. निघालें तें मृत्यूचें : हातांत धनुष्य घेतलेला सांगाडा. बाईंचा हात जागच्या जागीं राहिला. आणि आम्ही क्षणाचाही विलंब न लावतां बोलून गेलों, "भिण्यासारखें कांहीं नाहीं. या पानाचा अर्थ मरण असा नसतो. जुनें जाऊन नवें येणें असा असतो. दुखणें जाईल." बाईंचा जीव भांड्यांत पडला. आमचा मात्र त्या दिवसापासून टांगलेला आहे.

कारण त्या पानाची हकीकत आम्हांस ठाऊक होती. मूळ जोड पंधराव्या शतकाच्या मध्यास मिलानच्या विस्कोंती व स्फोर्झा या ड्यूक घराण्यासाठीं सोन्याचा वर्ख देऊन हातानें रंगविलेला. त्यांतील बहुतेक चित्रें बोनिफाचो बेंबो याच्या नांवावर मांडतात. तो केला होता खेळण्याकरितां. पेले, तरवारी, दंड व नाणीं या चार रंगांचीं ५६ पानें, वर हुकमाचीं २१ आणि एक विदूषक. मृत्यूचें पान तेरावें. त्याचा अर्थ एवढाच कीं तें बाराव्यास मारतें आणि चौदाव्याकडून मारलें जातें. पुढें १७८१ सालीं पॅरिसमध्यें आंत्वान कूर द जेबलँ या पंडितानें आपल्या मोठ्या ग्रंथाच्या आठव्या खंडांत असें प्रतिपादिलें कीं, हे पत्ते म्हणजे प्राचीन मिसर देशांतील पुरोहितांचा गुप्त ग्रंथच होय. मिसरी चित्रलिपीची किल्ली शांपोलियोंला सांपडली १८२२ सालीं. म्हणजे जी लिपि त्या काळीं कोणासच वाचतां येत नव्हती, तींतला ग्रंथ या गृहस्थांनीं एकेचाळीस वर्षें आधींच ओळखला! लागलीच एतेइया असें टोपणनांव घेतलेल्या एका फ्रेंच गृहस्थानें टॅरोवरून भविष्य सांगण्याची पद्धत छापून काढली. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनीं १९८० सालीं या दंतकथेचा पुराव्यानिशीं समाचार घेतला; परंतु तोंवर ती दोनशें वर्षें मुरली होती.

कोणी म्हणेल, उगम खोटा म्हणून अर्थ खोटा कसा? शब्दांचे अर्थही वापरानेंच ठरतात. हा आक्षेप आम्हांस हलका वाटत नाहीं. १९०९ च्या अखेरीस लंडनांत रायडर कंपनीनें काढलेला जोड तर वाचनासाठींच निर्माण झाला. योजना आर्थर वेट यांची, चित्रें पामेला कोलमन स्मिथ या बाईंचीं. पूर्वीच्या बहुतेक जोडांत पंजा म्हणजे नुसते पांच पेले. या बाईंनीं बहुतेक प्रत्येक लहान पानावर एक माणूस, एक प्रसंग उभा केला. हृदयांत रुतलेल्या तीन तरवारींचें त्यांचें चित्र १४९१ च्या सुमाराच्या सोला-बुस्का जोडावरून सुचलें असावें. त्या जोडाचीं छायाचित्रें १९०७ सालापासून ब्रिटिश म्युझियममध्यें होतीं. चित्रांच्या कोपऱ्यांत त्यांची नागमोडी आद्याक्षरें आहेत. हीं चित्रें पुढें जगभर गेलीं. बाईंना मिळाली ती एकरकमी अल्प बिदागी, आणि १९५१ सालीं कॉर्नवॉलमधील ब्यूड गांवीं त्या कर्जबाजारी अवस्थेंत वारल्या. असो. या पानांपुढें बसून कोणी आपल्या मनाशीं बोलूं लागला तर त्यांत आम्हांस वावगें दिसत नाहीं.

पण आमच्या मेजाशीं घडलें तें निराळें. कोंकणांत देवास कौल लावतात तेव्हां गुरव आणि विचारणारा दोघेही एकाच देवापुढें उभे असतात, आणि कळी उजवीकडून पडेल कीं डावीकडून हें गुरवासही ठाऊक नसतें. येथें देव बाईंच्या बाजूलाच तेवढा होता. उत्तर आम्हीं निवडलें. सूर्याचें पान निघतें तर त्याचा सरळ अर्थ सांगून मोकळे झालों असतों. मृत्यूचें निघालें म्हणून अर्थ वांकविला. वांकविलेला अर्थ पुस्तकांतही तसाच छापलेला आहे हें खरें, पण तो आमच्या तोंडीं आला तो पुस्तकाच्या आदरामुळें नव्हे, बाईंच्या भीतीमुळें.

दयेपोटीं बोललेलें असत्य वैद्यही बोलतात. परंतु वैद्याच्या धीरामागें वैद्य स्वतः उभा असतो. उद्यां त्याला जाब विचारतां येतो. पानास कोण विचारणार? "सर्व ठीक होईल" असें आम्ही आपल्या तोंडानें म्हटलें असतें तर बाईंनीं तें शेजाऱ्याचें सौजन्य म्हणून कानाआड केलें असतें. किंमत आली ती जुनेपणाला, सोन्याच्या वर्खाला. आणि तें जुनेपण तरी केवढें? मूळ जोडाचीं ७८ पैकीं ७४ पानें उरलीं आहेत. ३५ न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयांत, २६ बेर्गामोच्या अकादेमिया कारारांत, १३ कोल्लेओनी घराण्याकडे. सैतान, मनोरा, तरवारींची तिर्री व नाण्यांचा घोडेस्वार हीं चार कोठेंच नाहींत; आमच्या प्रतिकृतींत तीं अलीकडच्या हातानें नव्यानें काढून घातलेलीं आहेत. त्या दिवशीं बाईंच्या हातीं मनोरा आला असता तरी त्या त्याच श्रद्धेनें थरथरल्या असत्या. चित्रें जमविणाऱ्यानें जुनेपणाचा मान राखावा हें योग्य. तो मान दुसऱ्याच्या संकटांत चलनासारखा खर्च करण्याचा अधिकार आम्हांस कोणीं दिला होता?

बाईंचे यजमान बरे झाले. पेढे घेऊन आल्या तेव्हां त्यांनीं शस्त्रवैद्याचें नांवही काढलें नाहीं, पानाचें काढलें. आम्हीं पेढा घेतला आणि गप्प राहिलों. ती आमची दुसरी चूक.

गेल्या महिन्यांत त्या पुन्हां आल्या, या खेपेस भाचीच्या लग्नाचें विचारावयास. आम्हीं पेटी काढली, पानें एकेक करून मेजावर मांडलीं, कोणतें कोणाच्या हातचें, कोणतीं चार हरवलेलीं, खेळांत कोण कोणास मारतें, सर्व सांगितलें. त्या दिवशीं जें बोललों तें आमच्या पदरचें होतें, हेंही सांगितलें. पिसलीं मात्र नाहींत. बाईंनीं सारें ऐकून घेतलें आणि चहा न घेतांच त्या उठल्या.